पाठांतर नाही हो, समोरच्याचं ऐकावंच लागतं

वर एकाने लिहिलंय की ऑनलाइन डिबेट म्हणजे कॅमेऱ्यासमोर पाठ केलेलं म्हणून दाखवणं, ते मला अजिबात पटलं नाही. २०२० मध्ये वर्ल्ड स्कूल्स डिबेटिंग चॅम्पियनशिप, म्हणजे देशोदेशीच्या शाळकरी मुलांची डिबेट स्पर्धा, मेक्सिकोत व्हायची होती, ती कोरोनामुळे ऑनलाइन झाली. त्या पद्धतीत एका फेरीत प्रत्येक टीमचे तिघं बोलतात, आठ-आठ मिनिटं, आणि त्यातलं पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडलं तर समोरची टीम मधेच प्रश्न विचारू शकते, मग पाठांतर कुठे टिकणार सांगा!

माझी भाची अशाच एका छोट्या ऑनलाइन डिबेटला बसली होती, समोर केनियाची मुलं. विषय होता शाळेत मोबाइल असावा का. तिकडची एक मुलगी बोलता बोलता म्हणाली की आमच्या घरी मोबाइलवरूनच पैसे येतात-जातात, एम-पेसा नावाच्या सेवेने, आणि ते ऐकून भाचीने मुद्दे लिहिलेल्या कागदावर तिथल्या तिथे दोन ओळी खोडल्या, मी शेजारीच बसले होते. केनियाचा आपल्याशी अडीच तासांचाच फरक असल्याने वेळ जमते, मेक्सिकोवाल्यांसोबत मात्र आपल्याकडे दिवस तेव्हा तिकडे रात्र असते. मराठी शाळांतल्या मुलांनाही हे मिळायला हवं, इंग्रजी अडखळत असली तरी चालेल पण बसवा त्यांना.