बाई, बाया आणि ‘आमची बाई’

प्रश्न : थ्रिटी उमरीगर यांच्या ‘द स्पेस बिटवीन अस’ (२००६) या इंग्रजी कादंबरीवर लिहायला घेतलंय. मुंबईतल्या पारशी घरातली सेरा आणि तिच्याकडे वर्षानुवर्षं राबणारी भीमा. भीमाला मराठीत काय म्हणावं? ‘मोलकरीण’ कानाला खटकतं, ‘कामवाली’ त्याहून जास्त.

उत्तर : मोल घेऊन काम करणारी ती मोलकरीण, मोलमजुरीतलंच हे मोल. शब्दाच्या घडणीत कमीपणा नाही. पण या कादंबरीत मला ‘बाई’ शब्द जास्त महत्त्वाचा वाटतो. भीमा मालकिणीला ‘सेराबाई’ म्हणते, सेरा तिला नुसतं ‘भीमा’. दोघी चहा घेतात तेव्हा सेरा खुर्चीवर, भीमा खाली उकिडवी, हातात तिच्यासाठी वेगळा ठेवलेला स्टीलचा पेला.

आपल्याकडे हाच शब्द नावापुढे लागला की मान, शाळेत शिक्षिका, आणि ‘आज बाई आली नाही’ म्हटलं की मोरीत भांडी पडलेली. ‘आमची बाई’ म्हटल्यावर तर तिचं नाव विचारायचंही कुणाच्या मनात येत नाही.

खानदेशात कापूस वेचणीच्या दिवसांत अनेकवचन ऐका. ‘उद्या बाया लावायच्यात’, ‘बाया मिळत नाहीत’. या बाया म्हणजे किलोवर वेचणाऱ्या मजूर. शेतमालकाची बायको त्याच ओळीत, तसंच फडकं कमरेला बांधून वेचत असते, पण ‘किती बाया होत्या?’ या प्रश्नाच्या उत्तरात ती धरलेली नसते. संध्याकाळी गाठोडी काट्यावर चढली की वही तिच्या हातात. हीच माणसं लग्नात मात्र ‘बायकांची पंगत बसली’ म्हणतात, ‘बायांची’ नाही. हा फरक कुठल्या कोशात नीट नोंदवलेला असायला हवा, असं मला फार वाटतं.

दुसरं उत्तर : घडणीचं पटलं, तरी ‘मोलकरीण’ नकोच. जिला ते म्हणतात तिला ते लागतं, एवढं कारण पुरे. महाराष्ट्राच्या २००८ च्या कायद्यात ‘घरेलू कामगार’ आहे. ‘घरेलू’ हिंदी वळणाचं, पण ‘कामगार’ म्हटलं की सुट्टी, पगार, नोंदणी यांबद्दल बोलता येतं. मी ‘घरकामगार’ लिहीन.

पहिलं उत्तर : लेखाच्या निवेदनात ‘घरकामगार’ चालेल, मान्य. पण भीमाच्या तोंडचं ‘सेराबाई’ तसंच ठेवा. त्याचं ‘मॅडम’ करू नका.