लोड वाढला की डिफरेन्शिअल रिले ट्रिप होतो

प्रश्न: ट्रान्सफॉर्मर १० एमव्हीए, ३३/११ केव्ही, डीवायएन-११ (म्हणजे दोन्ही बाजूंमध्ये ३० अंशांचा फरक देणारी वाइंडिंगची जोडणी). सीटी (करंट मोजणारे छोटे ट्रान्सफॉर्मर) २००/१ आणि ६००/१. चार्ज करताना काहीच झालं नाही, पण लोड ४० टक्क्यांवर गेला की डिफरेन्शिअल रिले (दोन्ही बाजूंचे करंट ताडून फरक दिसला की ट्रान्सफॉर्मर बंद करणारा) ट्रिप. पिकअप (किती फरकाला ट्रिप द्यायचा ती मर्यादा) ०.२ आहे, तो ०.४ करून बघू का?

उत्तर: पिकअपला हात लावू नका! त्याने दुखणं दडेल, जाणार नाही, आणि वाइंडिंगमधला छोटा फॉल्टही नजरेतून सुटेल. माझी पद्धत सांगतो. थोडा लोड घ्या, रिलेच्या स्क्रीनवर डिफरेन्शिअल करंट वाचा आणि लोड करंटशी ताडून पाहा. साधारण ०.५२ पट आला तर ३० अंशांचा फरक राहिलाय, म्हणजे रिलेमधला व्हेक्टर ग्रुप (डीवायएन-११ मधल्या ११ या आकड्याची सेटिंग) बहुधा शून्यावरच आहे. लोडइतकाच आला तर ११ च्या जागी १ पडलंय. दुप्पट आला तर एका बाजूच्या सीटींची पोलॅरिटी उलटी आहे.

दुसरं उत्तर: फेज सिक्वेन्सही (तिन्ही फेजचा क्रम) तपासा. तो उलटा असेल तर ११ चा ग्रुप रिलेला १ सारखा दिसतो.

प्रश्नकर्ता: ०.३८ लोडला ०.२० दिसला. ग्रुप खरंच शून्य होता! ११ केला, आता ०.०१ आहे. मनापासून आभार.

पहिला उत्तरकर्ता: छान झालं. आता ११ केव्ही बाजूचा झिरो सिक्वेन्स फिल्टर (अर्थ फॉल्टमुळे तिन्ही फेजमध्ये सारखा येणारा करंट हिशेबातून वगळणारी सेटिंग) चालू आहे ना, तेवढं बघा. काही रिलेंमध्ये तो वेगळा द्यावा लागतो. न्यूट्रल अर्थ केलेलं असताना तो बंद राहिला, तर बाहेरच्या फीडरवरच्या अर्थ फॉल्टलाही ट्रान्सफॉर्मर उडेल.