मदत हवी आहे: प्लाझ्माने रंग गेला, पण सीओडी वाढलेला दिसतोय

नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीचा. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी डाईंगच्या सांडपाण्यावर प्लाझ्मा (विजेच्या ठिणगीतला आयनीभूत वायू) वापरून बघतोय. निऑन बोर्डाचा १० किलोव्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, पाण्याच्या वर ५ मिमीवर स्टीलची सुई, तळाला अर्थची पट्टी. जांभळी ठिणगी पाण्यावर नाचते आणि ओझोनचा उग्र वास सुटतो (एक्झॉस्ट चालूच ठेवतो).

मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचं पाणी अर्ध्या तासात नितळ झालं, फार आनंद झाला. मग खरं सांडपाणी आणलं. रंग बराच उतरला, पण सीओडी (पाण्यातली घाण ऑक्सिडाइज करायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप) आधीपेक्षा जास्त! पीएचही ७.५ वरून ३ वर. हवेतल्या नायट्रोजनपासून नायट्रिक आम्ल बनतं, ते समजलं.

माझा संशय असा की उरलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि नायट्राइट हे सीओडी चाचणीतलं डायक्रोमेट (ऑक्सिडाइज करणारं रसायन) खातात, म्हणून आकडा फुगतो. क्लोराइडचा अडथळा टाळायला मर्क्युरिक सल्फेट घालतोच. नायट्राइटसाठी सल्फॅमिक आम्ल चालेल ना? आणि पेरॉक्साइड कशाने मारू? सोडियम सल्फाइट जास्त पडलं तर तेही डायक्रोमेट खाणार. कॅटलेज (पेरॉक्साइड फोडणारं एन्झाइम) वापरलं, तर आधी पीएच ७ वर आणावा लागेल का? की सरळ टीओसीच (एकूण सेंद्रिय कार्बनची चाचणी) करून घेऊ?

आमच्याकडचं पाणी शेवटी पंचगंगेत जातं. नुसता रंग घालवून थांबायचं नाहीये. कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.