खात्यात पैसे आले म्हणजे विकेंद्रीकरण झालं?

लेखाशीर्ष:
कालच्या पोस्टमध्ये कुणीतरी लिहिलंय, "वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो, आता आणखी काय हवं?" ते वाचून राहवलं नाही. केंद्राचा पैसा राज्यांना नि स्थानिक संस्थांना कसा वाटायचा याची शिफारस वित्त आयोग करतो. पंधराव्या आयोगात 2021-22 ते 2025-26 साठी 60% बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांनाच: निम्मे पाण्याला, निम्मे स्वच्छतेला. उरलेले 40% अबंधित, पण त्यातून पगार नि आस्थापना खर्च चालत नाही. काम आराखड्यात घ्या, ई-ग्रामस्वराज या केंद्राच्या पोर्टलवर चढवा, मग सरपंच-ग्रामसेवकाच्या डीएससीने (डिजिटल सहीने) देयक. एका डीएससीची मुदत संपली की देयक अडतं नि ठेकेदार दारात उभा. ही हमाली झाली, स्वायत्तता नव्हे.

गावठाण:
अटी नकोत म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या गावचा नमुना 9, म्हणजे करमागणीची नोंदवही, उघडावा. घरपट्टीचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 ने दिलेलाच आहे. दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची, ती किती गावांत होते? बिल, मग मागणीचा लेख (थकबाकी भरण्याची नोटीस), मग जप्ती, असा वसुलीचा रस्ता कलम 129 मध्ये आहे. निवडणूक जवळ आली की कुठला सरपंच त्या वाटेला जातो? गावाने स्वतःचा पैसा घातलाच नाही तर ग्रामसभेत हिशेब कोण मागणार?

पथदिवा:
वसुली राहू द्या, वीजबिलाचं बोला! पथदिव्यांचं बिल पूर्वी राज्याच्या अनुदानातून जायचं. 2021 मध्ये ते वित्त आयोगाच्या पैशातून भरायला लावलं. खांबावर स्ट्रीटलाइटची वेगळी तार नसली की दिवा थेट फेजवर, म्हणजे कायम वीज असलेल्या तारेवर, जोडतात, मग भरदुपारीही जळतो. मीटर नसेल तिथे बिल अंदाजाने. गटाराचा पैसा असा उजेडात जातो.

गावठाण:
मग मीटरसाठी ठराव करा. प्रत्येक वेळी राज्याच्या नावाने ओरडून काय होणार?

पथदिवा:
ठराव करून मीटर बसत असते तर हा धागाच निघाला नसता. अर्ज कुठे अडतात ते एकदा बघून या.

लेखाशीर्ष:
विषय भरकटतोय. 1 जुलै 2017 ला मुंबईची जकात गेली, बदल्यात वर्षाला 8% वाढीची भरपाई आली. रक्कम मिळते, दर ठरवायचा हक्क गेला. 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. निवडणुका ओबीसी आरक्षणाच्या वादात नि कोर्टात लांबल्या आणि निवडून आलेली बॉडी नाही म्हणून त्यांचा वित्त आयोगाचा निधी केंद्राने अडवला. शिक्षा कुणाला? केरळने 1996 मध्ये राज्याच्या विकास योजनेच्या निधीतले 35 ते 40% स्थानिक संस्थांकडे दिले, तेव्हा आभाळ कोसळलं नाही.

गावठाण:
केरळचं मान्य, पण अर्धंच. तिथे पैशाबरोबर कर्मचारीही पंचायतीकडे वर्ग केले. आपला ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा नोकर, सरपंचाचं ऐकायचं की बीडीओचं (गटविकास अधिकाऱ्याचं), हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आधी त्याची बदली नि गोपनीय अहवाल कुणाच्या हातात ते ठरवा, निधीच्या टक्क्यांवर नंतर भांडू.