उत्तर: पोकरमध्ये फ्लश स्ट्रेटपेक्षा वरचढ का?

प्रश्न असा, की स्ट्रेट म्हणजे सलग पाच पानं जुळवणं अवघड वाटतं, तरी फ्लश म्हणजे एकाच प्रकारची (सगळी इस्पिक किंवा सगळी बदाम अशी) पाच पानं वरचढ कशी? क्रम ठरतो तो दुर्मीळपणावर. 52 पत्त्यांतून पाच पानांचे 25,98,960 संच होतात. स्ट्रेट फ्लश (सलग आणि एकाच प्रकारची पानं) वगळले तर त्यांत स्ट्रेट 10,200 आणि फ्लश फक्त 5,108, म्हणजे जवळपास निम्मे. फुल हाउस (एका अंकाची तीन आणि दुसऱ्या अंकाची दोन पानं) त्याहून कमी, 3,744. म्हणून तो फ्लशच्याही वर. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही, की तीनच पानं वाटली तर गणित उलटतं: स्ट्रेट 720, फ्लश 1,096. त्यामुळे तीन पानांच्या पोकरमध्ये स्ट्रेट वर असतो. म्हणून नुसती यादी पाठ करू नका, एकदा स्वतः मोजून बघा. आणि हो, दोघांचे फ्लश आले तर सर्वांत मोठं पान बघायचं. इस्पिक-बदामाचा फरक तिथे चालत नाही.