अर्थ येत नसेल तर शब्द लावू नये?

कोथरूडकर७७: परवा इथे कुणीतरी लिहिलं, की स्क्रॅबलमध्ये (अक्षरांच्या सोंगट्यांनी पटावर शब्द लावून गुण मिळवायचा तो खेळ) अर्थ सांगता येत नसेल तर शब्द लावूच नये, ती निव्वळ घोकंपट्टी. तेव्हापासून डोकं भणभणतंय. अहो, न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सला फ्रेंच बोलता येत नाही, तरी २०१५ साली त्यानं फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा मारली. शब्दांची यादी पाठ केली, संपलं. बुद्धिबळाच्या घोड्याला चारा काय घालता, असं विचारतो का आपण? 'क्यू-आय' हा शब्द नसता तर हातात अडकलेल्या क्यू अक्षराचं काय लोणचं घालायचं? (चिनी प्राणशक्ती. येतो अर्थ. लावताना आठवत नाही एवढंच.)

काकू_स्पष्टवक्त्या: लिहिणारी मीच. नातीनं 'झेड-ओ' लावला. काय गं हे विचारलं, तर म्हणे, "आजी, तेहतीस!" याक आणि गाईच्या संकरातलं जनावर ते. सांगितल्यावर आता जन्मात विसरायची नाही. आणि 'सी-डब्ल्यू-एम'? स्वराचा पत्ता नाही. वेल्श शब्द, डोंगरातली खोलगट दरी. एव्हरेस्टवरचं वेस्टर्न कूम ते हेच, १९२१ साली गिर्यारोहक मॅलरीनं ठेवलेलं नाव. माझा भाचा दर रविवारी सिंहगड चढतो, 'कूम कूम' करत असतो, स्पेलिंग बघून चाट पडला. ही मजा यादीत नाही.

पेठेतला: जखमेवर मीठ चोळलंत. सोसायटीच्या गणपतीतल्या स्पर्धेत मी सातही सोंगट्या एका दमात लावल्या. पी-ई-आय-एस-एच-डब्ल्यू-ए. अक्षरांचे पंधरा, बोनस पन्नास, पासष्ट कुठे गेले नव्हते. समोरचे गृहस्थ म्हणाले, "आम्ही शनिवारवाड्याशेजारी राहतो, पेशव्यांचं स्पेलिंग आम्हाला शिकवू नका." परीक्षकही त्यांच्याच आळीतले. उचलायला लावला! कॉलिन्सच्या यादीत (खेळात चालणारे इंग्रजी शब्द त्यात असतात) 'आय' अक्षरासकट आहे, त्याशिवायही आहे.

बखरवाला: उचलला ते बरंच झालं. विशेषनाम चालत नाही.

पेठेतला: विशेषनाम कसलं? पद आहे ते! मूळ फारसी, म्हणजे पुढारी. १७१३ ला बाळाजी विश्वनाथांना मिळालं, त्याआधी शिवाजी महाराजांच्या काळात मोरोपंत पिंगळ्यांकडे होतं. आडनाव मागाहून.

बखरवाला: इतिहास मला सांगू नका. साहेबाला उच्चार जमला नाही म्हणून त्यानं मध्ये आय खुपसला, आणि तुम्ही तोच डोक्यावर घेऊन नाचताय. उद्या पुण्याचं पुन्हा पूना करा.

पेठेतला: साहेबाचाच खेळ आहे, भाऊ. इतका राग असेल तर सागरगोटे खेळा.

काकू_स्पष्टवक्त्या: भांडा, भांडा. पद की नाव, हे ठरवायला शेवटी अर्थच लागला ना? नुसती यादी पाठ करून हा वाद घालता आला असता का?

कोथरूडकर७७: वाद घालायला अर्थ लागतो, कबूल, घ्या, मोठ्या अक्षरात लिहू का? पण काकू, शनिवारवाड्याशेजारच्या त्या गृहस्थांना अर्थ चोख ठाऊक होता. ठाऊक नव्हती ती यादी. तरी शब्द उचलला गेलाच.

काकू_स्पष्टवक्त्या: हं. हे मात्र खरं. पण नातीला दाखवणार नाहीये.

पेठेतला: ते सगळं ठीक आहे हो. माझे पासष्ट कोण देणार?