इंटरफेरॉन सुरू केल्यापासून मिस्टरांचा स्वभावच बदललाय, कुणाला अनुभव आहे का?

निशिगंध_कोल्हापूर

नमस्कार सगळ्यांना. जरा मोठं लिहितेय, समजून घ्या. आमच्या मिस्टरांना हिपॅटायटिस बी निघालाय, वय ३६. शिवजयंतीला तालमीत रक्तदान शिबिर होतं तिथं रक्त दिलं आणि काही दिवसांनी ब्लड बँकेतून फोन आला की एकदा येऊन भेटून जा. तोवर काय म्हणजे काय त्रास नव्हता, उद्यमनगरात लेथवर उभं राहून दोन-दोन शिफ्ट मारणारा माणूस. पुढच्या तपासण्यांत ई अँटिजेन (विषाणू जोरात वाढतोय याची खूण) पॉझिटिव्ह आलं, एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारी तपासणी) वाढलेलं, व्हायरल लोड म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण पण बराच. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले, एक म्हणजे रोज एक गोळी, पण ती किती वर्षं ते सांगता येत नाही, आणि दुसरा पेगिलेटेड (अंगात जास्त दिवस टिकणारं) इंटरफेरॉन, आठवड्याला एक इंजेक्शन असं ४८ आठवडे. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, साधारण तीनात एकाचं ई अँटिजेन जातं असं त्यांनी आधीच सांगितलं, पण वय कमी आहे आणि लिव्हर अजून चांगलं आहे म्हणून हे करून बघता येईल म्हणाले. मिस्टर म्हणाले संपणारं औषध बरं, इंजेक्शनच घेतो.

आता पाच झालीत. पहिल्या रात्री दोन चादरी आणि वर वाकळ घातली तरी दात वाजत होते, ताप १०२. आता ताप कमी येतो पण दुसऱ्या दिवशी अंग ठेचल्यासारखं दुखतं. ते मी समजू शकते, डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला विचारायचंय ते वेगळंच आहे.

गेल्या मंगळवारी पोरीच्या हातनं कंपासपेटी खाली पडली, तिसरीत आहे ती. एवढ्याशा आवाजावर हे तिच्या अंगावर असे ओरडले की पोर भिंतीला चिकटून उभी राहिली. लग्नाला अकरा वर्षं झाली, हा माणूस कधी आवाज चढवून बोलला नाही हो. आणि मग दहा मिनिटांनी बघते तर बाथरूममध्ये नळ सोडून आत रडत होते. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाले काय नाही, साबण गेला डोळ्यात. रात्री झोप नाही, दोन-तीन वाजता उठून गॅलरीत बसतात.

सासूबाई म्हणतात आजारपणाचं टेन्शन आहे, कोणीतरी म्हणतंय उतारा टाका. हे इंजेक्शननं होतंय का? का खरंच टेन्शन? आणि सासूबाईंनी त्यांचं ताट-तांब्या वेगळा केलाय, ते बरोबर आहे का? कुणी घेतलं असेल हे इंजेक्शन तर प्लीज सांगा.


रंकाळा_फेरफटका

वहिनी, घाबरू नका. मी स्वतः घेतलंय, २०११ साली, मला हिपॅटायटिस सी होता, जीनोटाइप ३ म्हणजे त्या विषाणूचा तिसरा प्रकार, आठवड्याला एक पेग इंटरफेरॉन आणि रोज रिबाव्हिरिन या विषाणूविरोधी औषधाच्या गोळ्या, २४ आठवडे. तेव्हा सी ला दुसरं औषधच नव्हतं. (आता सी वाल्यांनी हे वाचून घाबरू नका, आता सोफोसबुव्हिर या नव्या गोळीसोबत दुसरी एक गोळी घालून बहुतेकांचं १२ आठवड्यांत काम होतं, २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात फुकट पण मिळतात, सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, जाऊन विचारा.)

तापाचं सांगतो. मी शनिवारी रात्री जेवण झाल्यावर झोपायच्या तोंडावर घ्यायचो म्हणजे थंडी-ताप झोपेतच निघून जायचा आणि रविवार आराम. डॉक्टरांना विचारून अर्धा तास आधी पॅरासिटामॉल, पण ती पण डॉक्टर सांगतील तेवढीच, लिव्हरचा पेशंट आहे, मनानं दोन-दोन खायची नाहीत. पाणी भरपूर प्यायचं, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पण, ज्या आठवड्यात पाणी कमी पडलं त्या आठवड्यात माझं डोकं फुटायला यायचं. पाच-सहा इंजेक्शननंतर ताप जवळजवळ गेला.

भूक मात्र मेली. तोंडाला लोखंडाची चव. पांढरा रस्सा समोर आला तरी वास नको व्हायचा, मला, म्हणजे विचार करा. ६८ वरून ५७ किलोवर आलो. आईनं थोडं थोडं करून नाचणीची आंबील, मूगडाळीची खिचडी, उकडलेली अंडी असं दिवसातनं सहा वेळा घातलं त्यावर निभावलं. केस पण कंगव्यात मूठमूठ यायचे, टक्कल नाही पडलं पण विरळ झाले, औषध संपल्यावर काही महिन्यांत परत आले.

रक्ताची तपासणी चुकवू नका. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात, माझ्या इतक्या उतरल्या की मधे डोस कमी केला. माझं हिमोग्लोबिन पण उतरलं होतं पण ते जास्त करून रिबाव्हिरिनमुळं, ते तुमच्याकडं नाही. आणि इंजेक्शन आणताना बघून आणा. मला एकदा दुकानदारानं साध्या पिशवीत घालून दिलं, बर्फ नाही काय नाही, मे महिन्यात. परत केलं मी ते, भांडून. २ ते ८ डिग्रीत राहायला पाहिजे, फ्रीजमध्ये मधल्या कप्प्यात, फ्रीझरला चिकटून नको, गोठलं की वाया गेलं.

चिडचिड मला पण झाली पण तुम्ही सांगताय तेवढी नाही. डॉक्टरांच्या कानावर घाला.


करवीर_मावळा९

एवढं विष टोचून घेण्यापेक्षा बंद करा ते. गुळवेलीचा काढा रोज सकाळी, लिव्हर साफ. आमच्या गावात काविळीचं औषध देतात एक आजोबा, पत्ता पाहिजे तर सांगतो.


रंकाळा_फेरफटका

@करवीर_मावळा९ भावा तुझा हेतू चांगला असेल पण असं सांगू नको. गुळवेलीनंच लिव्हरला इजा झालेल्या केसेस आपल्याकडच्या डॉक्टरांनी नोंदवल्यात, कोरोनाच्या वेळी लोक लई प्यायला लागले त्यानंतर. आणि बी चा पेशंट मधेच उपचार सोडून काढे प्यायला लागला तर वाईट होऊ शकतं. वहिनी, इंजेक्शन चालू ठेवायचं का बंद करायचं ते फक्त डॉक्टर ठरवणार.


गंगावेश_ताई

निशिगंध, मी कधी लिहीत नाही पण तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही. हे इंजेक्शननं होतं. नक्की होतं. इंटरफेरॉननं डिप्रेशन येतं हे डॉक्टरांना चांगलं माहीत असतं, औषधाच्या माहितीपत्रकात पण लिहिलेलं असतं, पण आपल्या घरात ते कोणी वाचत नाही आणि ताप मोजतो तसं मन कोणी मोजत नाही.

माझ्या धाकट्या भावाला पण बी साठीच चालू होतं. त्याचा रोजचा नेम म्हणजे संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर जायचं, समोर म्हैस पिळून देतात तो दुधाचा ग्लास घ्यायचा, चार मित्रांशी बोलायचं आणि घरी. शाळेत असल्यापासून, पाऊस असू दे नाहीतर काय असू दे. आठव्या-नवव्या इंजेक्शननंतर त्यानं ते सोडलं. आम्हाला वाटलं अशक्तपणा आहे. मग दाढी करायचं सोडलं. मग बोलणं. आधी तुझ्या मिस्टरांसारखी नुसती चिडचिड होती, त्यावर आम्ही सगळे त्याला उलट बोललो, मी पण बोलले, की आजार काय तुला एकट्यालाच झालाय का. अजून ते आठवलं की पोटात कालवतं. एका रात्री वहिनीला म्हणाला, मी नसलो तर तुमचा खर्च तरी वाचेल.

वहिनीनं दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना फोन लावला, अपॉइंटमेंटची वाट बघितली नाही. त्यांनी त्याच दिवशी बोलावलं, मानसोपचारवाल्यांकडं पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. थायरॉइड पण तपासलं कारण इंटरफेरॉननं थायरॉइड बिघडतं आणि त्यानं पण मन आणि झोप बिघडते. थोडं बरं वाटलं पण पूर्ण नाही, मग विसाव्या आठवड्याला लिव्हरच्या डॉक्टरांनीच इंजेक्शन थांबवलं आणि टेनोफोव्हिरच्या, म्हणजे बी साठीच्या रोजच्या गोळीवर टाकलं. तो रडला की माझ्याच्यानं पूर्ण झालं नाही. डॉक्टर म्हणाले अरे औषध तुला मानवलं नाही, तू कुठं नापास झालास. आज तो गोळीवर आहे, व्हायरल लोड दिसत नाही, आणि रोज कट्ट्यावर जातो.

तुझ्या मिस्टरांचं असंच होईल असं नाही, बऱ्याच जणांना नुसती चिडचिड होऊन जाते, गोळी देऊन इंजेक्शन पूर्ण करणारे पण असतात. पण पुढच्या इंजेक्शनच्या आधी सांगायचं. तूच सांग, बायका जास्त खरं सांगतात, पुरुष डॉक्टरांसमोर मस्त आहे म्हणून येतात. आधी कधी डिप्रेशन झालं असेल, घरात कुणाला असेल तर तेही सांग. आम्ही एका वहीत रोज रात्री तीन गोष्टी लिहायचो, ताप किती, झोप किती तास, आणि मन दहापैकी किती. तो आकडा त्यानंच सांगायचा. डॉक्टरांना ती वही लई उपयोगी पडली. आणि मरणाबिरणाचं काही बोलले तर एक रात्र पण थांबू नको, १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात, आणि माणसाला एकटं सोडायचं नाही.

आणि ताट वेगळं अजिबात नको. बी एकत्र जेवल्यानं, ताटातनं, तांब्यातनं, मिठी मारल्यानं होत नाही. रक्तातनं होतो, शरीरसंबंधातनं होतो, आईकडून बाळाला होतो. रेझर, ब्लेड, टूथब्रश, नेलकटर तेवढं वेगळं ठेव. तुझी आणि पोरीची तपासणी करून घे आणि नसेल तर लस, मोठ्यांना तीन डोस असतात, आज, एक महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. पोरीची लहानपणी झाली असेल, कार्ड बघ. सासूबाईंना पण टोचून घे म्हणजे त्यांची भीती जाईल. ज्याचं मन आधीच खचलंय त्याला रोज वेगळं ताट दिसणं काय असतं ते आम्ही बघितलंय.


शाळामास्तरीण_बावडा

माझं इंटरफेरॉन वेगळं, बीटा, मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जातंतूंच्या आजारासाठी, आठवड्यातून एकदा मांडीत. तुमचं अल्फा. पण थंडी-तापाचं सगळं सारखंच. मला न्यूरोलॉजिस्टनी समजावलं होतं ते सांगते, मुलांना पण मी असंच सांगते. इंटरफेरॉन आपल्या शरीरात आपोआप तयार होतंच, विषाणू आला की. १९५७ मध्ये लंडनला याचा शोध लागला, विषाणूच्या कामात इंटरफिअर करतं म्हणून नाव इंटरफेरॉन. फ्लू झाल्यावर अंग मोडतं, काही नकोसं वाटतं, कोपऱ्यात पडून राहावंसं वाटतं, त्यात शरीराच्या स्वतःच्या या अस्त्रांचा पण मोठा वाटा असतो. आणि आपण ते बाहेरून टोचतो, म्हणजे दर आठवड्याला विषाणूशिवायचा फ्लू. हे कळल्यावर मला माझ्या अंगाचा राग येणं कमी झालं. मिस्टरांना हे नक्की वाचून दाखवा.

फ्रीजचं वरती दादांनी लिहिलंय त्यात भर. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्याकडं लाइट गेली ती दिवसांवर दिवस, शिरोलीजवळ हायवे बंद, पुण्याहून औषध येणं बंद, आणि माझी दोन इंजेक्शनं फ्रीजमध्ये. शेजारच्यांनी जनरेटरवाल्या एका डेअरीत स्टीलच्या डब्यात घालून ठेवायला दिली, डब्यावर मोठ्या अक्षरात माझं नाव आणि औषध आहे हात लावू नका. नंतर कळलं की माझं औषध थोडे दिवस बाहेर राहिलं तरी चालतं, पण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, तेव्हा तुमच्या पेटीतला कागद आजच वाचून ठेवा, पावसाळ्याची वाट बघू नका. एक जास्तीचा आइसपॅक कायम फ्रीझरमध्ये असू द्या, पण सुई-सिरिंज त्याला थेट चिकटवायची नाही, मधे टॉवेल.

जागा बदलत राहा, पोट उजवं-डावं, मांडी उजवी-डावी. एकाच जागी टोचलं की लाल चट्टा आणि गाठ राहते.


निशिगंध_कोल्हापूर

उशिरा लिहितेय, माफ करा सगळ्यांनी. गंगावेश ताई, तुमचं वाचून रात्रभर झोपले नाही, सकाळी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शनिवारचं इंजेक्शन द्यायच्या आधी बोलावलं. मला बाहेर बसवून आधी ह्यांच्याशी एकट्याशी बोलले, वीसेक मिनिटं. मग मला आत घेतलं तर ह्यांचे डोळे लाल होते पण खांदे सैल झाल्यासारखे वाटले. डॉक्टर म्हणाले हे औषधामुळं आहे, लवकर आलात ते बरं केलंत. थायरॉइडला रक्त दिलंय, एक गोळी रात्रीची सुरू केलीय, दोन आठवड्यांत बघू, फरक नाही पडला तर इंजेक्शनचं वेगळं ठरवू म्हणाले. त्या शनिवारचं इंजेक्शन मात्र दिलं, पाणी पाजून पाजून, रात्री ताप १०० च्या वर नाही गेला.

ताट परत घेतलंय एकत्र. सासूबाईंना डॉक्टरांसमोरच बसवलं, त्यांनी सांगितल्यावर काही बोलल्या नाहीत, घरी येऊन तांब्या घासून परत फळीवर ठेवला. तिघींच्या तपासण्या झाल्या, निगेटिव्ह आहोत, माझा आणि सासूबाईंचा पहिला डोस झाला. पोरीचं कार्ड सापडलं, तिची झालीय.

वही घातलीय. पहिल्या दिवशी मन या रकान्यात त्यांनी ३ लिहिलं, मला वाचून धस्स झालं पण निदान खरं लिहिलं. मग ३, ४, ३. काल रात्री ५ आहे, आणि पुढं बारीक अक्षरात लिहिलंय, पोरीला सॉरी म्हणालो, नवी कंपास आणली.

अजून एक विचारायचं होतं. पुढच्या महिन्यात मुंबईला मोठ्या डॉक्टरांना दाखवायला जायचंय, महालक्ष्मी एक्सप्रेसनं, आणि तो नेमका शनिवार येतोय. इंजेक्शन गाडीत बर्फात घालून न्यायचं का एक दिवस मागं-पुढं केलेलं चालतं? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण कुणी प्रवासात नेलं असेल तर डबा कसला वापरला ते सांगा.